मंजुरी मिळेपर्यंत हिरवं

मानवजात आजवर टिकली ती राजांमुळे नव्हे, पंडितांमुळेही नव्हे, तर सगळे झोपलेले असताना जागा राहणाऱ्या राखणदारामुळे, असं सुमंत देशपांडे यांचं ठाम मत होतं. त्यांचा स्वतःचा राखणदार केडगावात त्यांच्याच जिन्याखाली, चपलांच्या मांडणीशेजारी राहायचा आणि अंबिकाबाईंनी मिक्सर लावला की झोपी जायचा.

तो एक जुना कॉम्प्युटर होता. ज्ञानभैरव शिक्षण संस्थेत हयातभर कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाल्यावर सुमंतरावांनी त्यात स्वतः लिहिलेला प्रोग्राम बसवला आणि त्याचं नाव ठेवलं 'राखण'. नगरपासून जामखेडपर्यंत पसरलेल्या संस्थेच्या सगळ्या वेबसाइटची दारं राखण दर मिनिटाला ठोठावायची. आतून 'ओ' आली की हिरवा दिवा. नाही आली की लाल, आणि सुमंतरावांच्या मोबाईलवर निरोप. काम फुकटच होतं. निवृत्त माणसाला अजून कोणीतरी विचारतंय, हाच पगार.

"त्याला चहा ठेवू का?" अंबिकाबाई विचारायच्या. "घरात कामाचं तेवढं तेच आहे."

राखण चांगली चालली होती, म्हणून तिच्यात सुधारणा करायचं ठरलं. सुधारणा संस्थेचे सचिव वैजनाथराव सुचवायचे, कारण राखणीचे दिवे नगरच्या कार्यालयात भिंतीवरच्या पडद्यावरही दिसायचे. आधी संस्थापकांचा फोटो वर आला, हारासकट. मग लाल रंग खटकला. पाहुण्यांसमोर बरा दिसत नाही म्हणाले. नारिंगी करून पाहिला, तर त्यातून राजकीय अर्थ निघेल म्हणाले. शेवटी त्यांनी मूळ मुद्दा काढला.

"सर, संस्थेचं काही बंद पडलं हे सचिवाच्या आधी भिंतीवरच्या पडद्याला कळतं, ही कुठली शिस्त? आधी निरोप मला. मी मंजुरी दिली की मग लाल करा."

"आणि तोवर, साहेब?"

"तोवर जैसे थे. हिरवं."

सुमंतरावांनी तसं करून दिलं. त्यांचा स्वतःचा निरोपही आता मंजुरीनंतरच येणार होता. खरा रंग दाखवणारं एक वेगळं पान स्वतःपुरतं ठेवायचं त्यांच्या मनात होतं. ते पुढच्या रविवारी करायचं होतं. रविवार बरेच येऊन गेले. एकदा पाहुणे आले, एकदा पाठ धरली. पुढे तर राखणीत इतकं सुरेख हिरवं दिसायला लागलं की त्यांनाही ते आवडू लागलं.

संस्थेच्या नर्सिंग कॉलेजात कर्मचाऱ्यांच्या मुलींसाठी एक जागा राखीव असे. जामखेडच्या कॉलेजातला शिपाई बन्सी, म्हणजे एके काळी सुमंतरावांच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरांना रोज खोळी घालणारा माणूस. त्याच्या पूजाला ती जागा हवी होती, आणि मार्क पाहता ती मिळणारही होती. अर्ज फक्त संस्थेच्या वेबसाइटवर, शेवटच्या दिवशी पाचपर्यंत. आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून नेमका त्याच सकाळी हातात पडलेला.

दुपारी बन्सीचा फोन आला.

"सर, पोरगी मघाधरनं फारम भरतीय, पर चाक नुसतंच फिरतंय. साईट बंद हाय का काय?"

सुमंतराव चष्मा लावून जिन्याखाली वाकले. "बंद? अरे, हिरवंगार आहे! तुझा मोबाईल कुठल्या काळातला आहे?"

"लई जुना हाय, सर."

"मग संस्थेला कशाला नावं ठेवतोस? चांगल्या कॉम्प्युटरवर बस जा."

"व्हय सर. तुमी बगितलं म्हंजे झालं."

बन्सीने पूजाला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि थेट मिरजगाव गाठलं. तिथे मेव्हण्याचं झेरॉक्स आणि कॉम्प्युटरचं दुकान होतं. तिथूनही फोन आला.

"सर, हितं बी तसंच फिरतंय. आता येळ न्हाई राहिला."

"बापलेक काहीतरी भलतंच दाबताय तुम्ही. इथे हिरवं आहे म्हणून सांगतोय ना!"

स्वतःच्या मोबाईलवर साइट उघडून बघावी, हे त्यांच्या मनातही आलं नाही. मग राखण कशाला केली होती? फोन ठेवताना त्यांची नजर पडद्यावरच्या हारातल्या संस्थापकांवर गेली, आणि हार ज्या दिवशी घातला त्यानंतरच्या सगळ्या सुधारणा एकदम आठवल्या. त्यांनी घाईघाईने साइट उघडली. चाक फिरत राहिलं. पाच वाजून गेल्यावर ते थांबलं आणि स्वच्छ मराठीत 'मुदत संपली आहे' असं आलं.

रिक्षा करून ते नगरच्या कार्यालयात पोचले, तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत सत्यनारायणाची आरती आटपली होती. वेबसाइट वर्षभर एकदाही बंद पडली नाही, म्हणून पूजा होती. सर्व्हरवर झेंडूची फुलं होती. माइकच्या अँप्लिफायरची वायर सॉकेटखाली गुंडाळून ठेवलेली, आणि सर्व्हरची पिन सॉकेटमध्ये तिरकी खोचलेली.

"पिन काढली होती, साहेब?"

"कथेपुरती. देवाच्या कामाला लाइट लागते, सर." वैजनाथरावांनी त्यांच्या तळहातावर शिरा ठेवला. "घ्या."

"म्हणजे दुपारभर साइट बंद होती."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. तुमच्या मोबाईलवर मंजुरीसाठी निरोप आला असेल."

"आलाय ना. मी पाटावर बसलो होतो, मोबाईल बंद होता. मघाशी बघितला. साइट तर चालू होती, म्हणून नामंजूर केला."

अशा रीतीने दुपारभर बंद असलेली साइट संध्याकाळी, मागील तारखेपासून, चालू ठरली.

"साहेब, आपल्या बन्सीच्या मुलीचा अर्ज राहिला. एक दिवस मुदत वाढवा."

"कुठल्या आधारावर?" वैजनाथरावांनी भिंतीवरच्या पडद्याकडे मान वळवली. "उद्या कोणी कोर्टात गेलं तर तुमचीच राखण माझ्याविरुद्ध साक्ष देईल. दिवसभर हिरवं आहे, सर. तुम्हीच केलेलं आहे."

सुमंतरावांना हात जोडायचे होते, पण एका हातात शिरा होता. ती जागा मात्र रिकामी राहायची नव्हती. संस्थेत रिकामं काही राहत नाही.

बाहेर फाटकापाशी बन्सीचा फोन आला.

"सर, तुमाला दिवसभर तरास दिला. पोरीला लई बोललो मी. एक फारम भरता येईना म्हनलं, शिकून काय दिवे लावनार? जेवली न्हाई ती."

"बन्सी, ऐक. तिची चूक नव्हती. साइटच बंद होती रे."



"तिच्यासाठी असं बोलू नका, सर," बन्सी म्हणाला. "तुमी सोता बगितलं ना, हिरवं हुतं."

सुमंतराव काही बोलणार, तोच त्याने फोन ठेवला. शिरा अजून हातातच होता, गार झालेला. तेवढ्यात मोबाईलवर वैजनाथरावांचा निरोप आला.

'सर, राखणीत एक छोटी सुधारणा. हिरवा जरा गडद करता येईल का? पडद्यावर पोपटी दिसतो.'