जोडते हं

“जोडते हं,” आक्का म्हणाल्या आणि त्यांनी मोबाइलवरचे बटण दाबले. एका टोकाला सुपरवायझरबाई, दुसऱ्या टोकाला तीनमिनिटे. दोघींचे ‘हॅलो’ एकमेकींवर आदळले, तशी आक्कांनी फोन टेबलावर पालथा घातला आणि त्या वाटाणे सोलायला स्वयंपाकघरात गेल्या.

टाळेबंदी लागल्यापासून हे रोजचेच झाले होते. तिघीही टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. बोर्डात तारा खुपसून जगाला जगाशी बोलते करण्यात त्यांचा जन्म गेला. आक्का हे नावही तिथलेच. वयाने सगळ्यांत धाकट्या, पण पोक्तपणा आजीबाईचा, म्हणून आक्का. तीनमिनिटे हेही काही आडनाव नव्हे. ती ट्रंक कॉलच्या बोर्डावर बसायची आणि बोलणाऱ्यांना मध्येच विचारायची, “तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?” नवऱ्याशी भांडतानासुद्धा ती अधूनमधून हेच विचारते, असे एक्स्चेंजमध्ये सगळे म्हणत. सुपरवायझरबाई मात्र सुपरवायझरबाईच राहिल्या. आता त्यांचे हात थरथरायचे, नंबर लावता यायचा नाही, आणि मोबाइलचे नाव काढले की त्या फणकारायच्या. म्हणून दोघींना एकाच लाइनवर घेण्याची विद्या आक्कांनी भाच्याला विचारून विचारून शिकून घेतली होती.

आता जोडून दिल्यावर स्वतःही बोलावे की नाही? पण आक्कांच्या अंगात एक्स्चेंज मुरलेले. नोकरीच्या पहिल्याच दिवशी सुपरवायझरबाईंनी दम दिला होता, “बोलणं त्यांचं, लाइन आपली. जोडायचं आणि बाहेर पडायचं. मध्ये कान घालायचा नाही.” आक्कांनी कानाला खडा लावला तो लावलाच. फोन बंद केला तर सगळ्यांचीच लाइन तुटते, म्हणून तो नुसता पालथा घालायच्या.

खरे सांगायचे तर आणखीही एक कारण होते. तीनमिनिटेच्या घरात नातवंडांचा धुडगूस, बाईंकडे लेक-सून. आक्का एकटा जीव. वाटाण्यांत किडके किती निघाले, हे सांगायला का कुणाला लाइनवर धरून ठेवायचे? बाहेरच्या खोलीतून दोघींची कुजबुज यायची. शब्द कळायचे नाहीत, पण तेवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा. आपण जोडली म्हणून ती कुजबुज आहे, यातच त्यांना सुख होते.

मग एका आठवड्यात त्यांना ताप भरला. दुखणे अंगावर काढायची सवय जुनी, तशी त्यांनी गोळी घेतली आणि त्या पडून राहिल्या. पण ताप उतरेना. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत जायचे तर मध्ये खुर्चीत टेकावे लागे. भीती वाटत होती, फार वाटत होती. पण कुणाला सांगायचे? बाहेर पडायची बंदी, जो तो आपल्या घरात जीव मुठीत धरून बसलेला. त्यातून ऑपरेटरने स्वतःचे रडगाणे लाइनवर आणायचे नसते.

सकाळ झाली तशी त्या उठून बसल्या, पाणी प्याल्या, घसा साफ केला. आवाजात हसू ठेवायचे, हेही बाईंनीच शिकवले होते. ते हसू त्यांनी कसेबसे ठेवले.

“जोडते... हं.”

फोन पालथा घालून त्या पलंगावर आडव्या झाल्या. आज कुजबुज जरा मोठ्याने चालली होती. भांडल्या वाटतं, असे मनात येऊन त्यांना हसू आले आणि त्यांनी डोळे मिटले.

दारावरच्या थापांनी त्या दचकल्या.

“आक्का, दार उघडा! फॉल्ट शोधायला आलोय.”

मागच्या गल्लीत राहणारा लाइनमन. तोही निवृत्त. कामावर असताना दोघांचे एक दिवसही पटले नव्हते. भिंतीचा आधार घेत आक्का दारापर्यंत गेल्या. तो तोंडाला रुमाल बांधून उभा होता.

“कसला फॉल्ट? तक्रार कुणी केली?”

“बाईंनी. माझा नंबर अजून तोंडपाठ आहे त्यांना. तीनमिनिटेनं सुनेच्या फोनवरून मला लावला. अहो, तुमच्याच लाइनवर तुमच्याच नावानं दोघी बोंबलताहेत आणि तुम्हाला पत्ता नाही!”

त्याने टेबलावरचा फोन उताणा केला आणि आवाज मोठा केला.

“आक्का!” बाईंचा आवाज खोलीभर झाला. “‘जोडते’ आणि ‘हं’च्या मध्ये श्वास घेतलास तू. इतकी वर्षं बोर्डावर बसलीस, कधी घेतला होतास? हाका मारून घसा बसला आमचा. उत्तर का देत नव्हतीस?”

“बाई, मी... लाइनवर नव्हते.”

“मग?”

“जोडून बाहेर पडते मी. रोजच. तुम्हीच तर सांगितलं होतं.”

तीनमिनिटे मध्येच म्हणाली, “म्हणजे माझ्या गुडघ्याचं, सुनेचं, काही काही ऐकलं नाहीस? अगं, मी रोज विचारायचे, ‘होय की नाही गं आक्का?’ तू गप्प, तर मला वाटायचं, पटतंय तुला!”

लाइनमनने त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचे ते चिमट्यासारखे यंत्र लावले. आकडा बघताच बाहेर जाऊन त्याने रुग्णवाहिका बोलावली.

आक्का दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा त्यांच्या अंगावरचे कपडे सैल झाले होते. लाइनमनने ओटा पुसून ठेवला होता, नासलेले वाटाणे टाकून दिले होते, दूधही तापवून ठेवले होते. त्या खुर्चीत टेकतात न टेकतात तोच फोन वाजला.

“जोडते हं,” सुपरवायझरबाई म्हणाल्या. सुनेच्या हाताखाली शिकून, थरथरत्या बोटांनी, त्यांनी अखेर मोबाइलशी तह केला होता. “तीनमिनिटे आहे लाइनवर. आज बोर्ड माझा. तू बोलायचं.”

“मी काय बोलू, बाई?”

“काहीही बोल. वाटाण्याचं बोल.”

आक्कांनी फोन कानाशी घट्ट धरला. “दवाखान्यात नर्सनं विचारलं, तुमचं कोण आहे? आधी काही सुचेना. मग म्हटलं, आहेत हो, पुष्कळ आहेत...” डोळे वाहत होते आणि ते पुसायलाही फोन कानापासून काढावासा वाटत नव्हता. “तुमच्यामुळे मी आहे गं,” त्या कशाबशा म्हणाल्या.

मग हळूहळू त्यांना सुचत गेले. वॉर्डाची खिडकी, शेजारच्या पलंगावरची घोरणारी बाई, लाइनमनने आणून दिलेली उशी. दोघी हं हं करत होत्या. कितीतरी वेळ गेला.

“तीन मिनिटं झाली,” तीनमिनिटे म्हणाली. तिच्या आवाजात हसू होते. “वाढवायचं का?”

“वाढव,” आक्का म्हणाल्या.