सणाआधी पेरलेलं पाणी

आमच्या डोंगरात पाणी पेरतात. वर वितळलेल्या बर्फाचं पाणी पाटाने आडवं न्यायचं आणि मुरमाड उतारावर मोकळं सोडायचं. ते जमिनीत मुरतं, आतल्या आत सावकाश चालतं आणि भर उन्हाळ्यात खालच्या झऱ्यांतून बाहेर येतं. शाळेत मी मुलांना हे वाळूच्या पेटीत पाणी ओतून दाखवत असे.

पाट उघडायचा तो मार्चात, सान होसेच्या सणाला, गावाने मिळून गाळ काढल्यावर. पण हल्ली बर्फ मार्चपर्यंत टिकत नाही. यंदा तर फेब्रुवारीतच तो वितळून ओढ्याने खाली धावत सुटला.

माझी शेजारीण विर्तुदेस, तिच्या शेतातला झरा गेल्या उन्हाळ्यात आटला होता. पुन्हा आटला, तर शेत सोडून ग्रानादाला आपल्या फ्लॅटवर यायचं, असं लेकाने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. पाट आताच उघड, असं सांगायला ती पाटकऱ्याकडे, एलादिओकडे, गेली. सण होऊ दे, म्हणाला.

दुसऱ्या सकाळी ती फावडं घेऊन वर निघाली. मीही गेले. पाटाच्या तोंडाशी रचलेले दगड आणि गवताची ढेकळं आम्ही काढतच होतो, तेवढ्यात एलादिओ धापा टाकत आला.

"मावशी, आजोबांच्या वेळेपासून हा पाट सणालाच उघडतो."

"मग आजोबांच्या वेळचा बर्फ आण. मी बसते इथे."

तो माझ्याकडे वळला. माझाच विद्यार्थी. "बाई, तुम्ही तरी समजवा हिला."

"ओढ्यातलं पाणी सणापर्यंत थांबणार आहे का? तेवढं सांग, मग समजावते."

 ओढ्याकडे बघत तो पुटपुटला, पाटात पाला तुंबलाय, कडा फुटेल.

"फुटली तर बांधू," विर्तुदेस म्हणाली. "दंड लावायचा तर लाव. पण हे तोंड आता बंद होणार नाही."

त्याने तिच्या हातातलं फावडं ओढून घेतलं. आता बुजवतो, असं मला वाटलं. पण तो पाटात उतरला आणि पाण्याच्या पुढे पाला उपसत चालू लागला.

सणाच्या दिवशी गावाने पाटाकाठी बसून पाव आणि खारवलेली मासळी खाल्ली. वर बर्फाच्या जागी नुसता करडा खडक उरला होता.

ऑगस्टमध्ये लेक गाडी घेऊन आला. झरा बोटाएवढाच, पण वाहत होता. विर्तुदेसने मातीचा चंबू भरून त्याच्या हातात दिला.

"आधी पी. मग गाडी रिकामी ने."