चष्मा डबीत ठेवण्याची वेळ

एका संगीत शिक्षकांना आपल्याच जिन्याला एक पायरी जास्त दिसू लागली, तेव्हा मला स्वतःची काळजी घ्यायला सांगण्यात आलं.

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करते. काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हे माझं काम, आणि ते मला मनापासून आवडतं. त्या खोलीत मशीनची घरघर असते आणि मला हाक मारणारं कोणी नसतं. हल्ली माझं डोकं सतत दुखायचं, आणि त्या भरात शिक्षकांच्या चष्म्यात मी डाव्या डोळ्याची काच उजवीकडे आणि उजव्याची डावीकडे बसवली होती. मालकांनी तो चष्मा माझ्यासमोर ठेवला.

“घरी काय दगड फोडता का?” त्यांनी विचारलं. “डोकं ठिकाणावर नसेल तर मागे बसू नका. पुन्हा असं झालं तर काउंटरवर बसून फ्रेमा पुसायच्या.”

काउंटरवर दिवसभर लोकांना ‘हा तुम्हाला शोभतो’ म्हणावं लागतं. त्यापेक्षा दगड परवडले.

हे मी घरी बोलले, तेच चुकलं. नवऱ्याने ते त्याच्या बहिणीच्या कानावर घातलं आणि धाकटी नणंद दुसऱ्याच दिवशी दारात हजर. तिने नुकताच सेल्फ-केअरचा कोर्स केला होता आणि तिला प्रयोगाला कोणीतरी हवंच होतं.

“वहिनी, तू सगळ्यांसाठी झिजतेस,” ती म्हणाली. “आता स्वतःला वेळ द्यायचा. सगळे झोपलेले असताना पहाटे उठायचं.”

थकलेल्या बाईवर पहिला उपाय म्हणजे तिची झोप कमी करणं, हे मला कधी सुचलं नसतं. त्याला कोर्सच हवा.

मग संध्याकाळी कोमट पाण्यात पाय सोडून बसायचं ठरलं. म्हणजे पाणी तापवायचं, टब घासायचा, तो उचलून आणायचा, आणि पाय निवांत झाले की त्याच पायांवर उभं राहून ओली फरशी पुसायची. सुगंधी मेणबत्ती लावली, तर लेकीने मेणात बोटं बुडवून सोफ्यावर ठसे उमटवले. ते मी सुरीने खरवडून काढले, खोल श्वास घेत घेत. श्वासाचा भाग तेवढा जमला.

“आता रोज एका गोष्टीबद्दल मनापासून आभार मान,” नणंद म्हणाली. “बघ कसं हलकं वाटतं. आज कशाबद्दल मानशील?”

“तू तुझ्या घरी राहतेस याबद्दल.”

ती पर्स उचलून गेली. खरंच हलकं वाटलं.

पण डोकं दुखायचं थांबेना, आणि दुकानात मालक मी बसवलेली प्रत्येक जोडी उजेडात धरून तपासायला लागले. मला भीती वाटत होती. ती मागची खोली गेली असती तर माझं म्हणावं असं काहीच उरलं नसतं.

एका संध्याकाळी चहाच्या वाफेने चष्मा धुरकट झाला. मी तो काढला, पुसायचा कंटाळा आला, म्हणून सरळ डबीत ठेवून दिला. माझा नंबर जबरदस्त आहे. चष्म्याशिवाय मला स्वतःच्या हाताची बोटंही पुसट दिसतात. कप घेऊन खुर्चीत बसले आणि घराकडे पाहिलं, तर काय सुंदर घर होतं. सिंकमधली भांडी म्हणजे नुसता करडा ठिपका. पलंगावरचा कपड्यांचा ढीग म्हणजे कोणी गप्प स्वभावाचा पाहुणा, आणि पाहुण्याच्या कोणी घड्या घालत नाही.

“आई, माझा निळा मोजा कुठंय?” लेकीने विचारलं.

“दिसत नाही गं.”

खोटं बोलले नव्हते. लेक जरा वेळ घुटमळली, मग स्वतः शोधायला लागली. मोजा तिच्याच दप्तरात निघाला.

तेव्हापासून तोच नेम. कामावरून आलं की चष्मा डबीत, कप संपेपर्यंत. नणंदेने फोनवर ऐकून घेतलं आणि हे कुठल्याच पद्धतीत बसत नाही असं कळवलं. नवऱ्याच्या मते ते नाटक होतं.

“हल्ली तुझा कप फार सावकाश संपतो,” तो म्हणाला.

“असेल. आत किती उरलाय ते दिसत नाही.”

डोकेदुखी मात्र कमी झाली. हळूहळू मालकांनी तपासणं सोडलं, आणि एक दिवस संगीत शिक्षकांचा नवा चष्माच माझ्यापुढे ठेवला. “तुम्हीच बसवा,” म्हणाले. मी बसवला. शिक्षक तो लावून दुकानाच्या पायऱ्या उतरून गेले, एकही न चुकता. मला इतका आनंद झाला की मी उगाचच मशीन पुसून काढलं.

तेवढ्यात बाहेर नवऱ्याचा आवाज आला.

“हल्ली मला नीट दिसत नाही,” तो मालकांना सांगत होता. “चष्मा लागला असावा.”

मी पडद्याआड उभी राहिले. हा कशाला आलाय ते मला लगेच कळलं. ज्याला चष्मा असतो त्यालाच तो काढता येतो. दोघांनी काढल्यावर घराकडे बघायचं कोणी, याचं उत्तरही त्याच्याकडे तयार असणार, आणि ते उत्तर मीच असणार.

मालकांनी त्याला खुर्चीत बसवून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. तो सगळ्यात मोठ्या अक्षरालाच अडखळला. मालकांनी तपासणीची फ्रेम त्याच्या नाकावर चढवली आणि तिच्यात दोन काचा सरकवल्या.

“आता?”

“आता कसं छान दिसतंय,” नवरा म्हणाला, आणि घडाघडा शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेला. त्या भरात खाली बारीक अक्षरात छापलेलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं.

“साध्या काचा आहेत या,” मालक म्हणाले. “नंबर नसलेल्या. चष्म्याचा हट्ट धरणाऱ्या शाळकरी पोरांसाठी ठेवतो. डोळे उत्तम आहेत तुमचे.”

मी पडदा सारून बाहेर आले. “म्हणजे यांना लांबचं, जवळचं, सगळं दिसतं?”

“सगळं.”

“पहिल्यापासून?”

मालकही संसारी माणूस. त्यांना एकदम एक फ्रेम पुसायची आठवण झाली.

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखा चहा केला, चष्मा काढला आणि डबी मिटली. सिंकच्या करड्या ठिपक्यासमोर एक उंच ठिपका बराच वेळ उभा होता. मग नळ सुटल्याचा आवाज आला.

“ही कढई नीट निघाली का बघ जरा,” नवरा म्हणाला.

“तूच बघ,” मी म्हणाले. “तुला दिसतं.”