सब्बलीची सावली

शाळेत शिकवलेलं मोनालीच्या पोटात राहत नाही. दुपारी कानात शिरलं की संध्याकाळी ते ताटावर आलंच म्हणून समजा. गुलाबरावांनीच तशी सवय लावली होती. स्वतः चौथीत शाळा सोडलेला माणूस, नंतर सारी उमर रेल्वेच्या गँगमध्ये रुळाखालची खडी, म्हणजे गिट्टी, ठोकण्यात गेली. मग नातीच्या शाळेवर हक्क सांगायला नको? त्यांनी नियमच केला होता: मोनीनं आधी एक प्रश्न टाकायचा, मगच घरातल्यांनी पहिला घास तोंडात घालायचा.

"आबा, पता है? ऑक्टोपसला तीन हृदय असतात!"

"तीन? इथं एकासाठी समता कॉलनीतल्या डॉक्टरच्या चकरा मारून जीव चालला. त्याचं काय होत असंल बिचाऱ्याचं!"

मधमाशीला पाच डोळे असतात हे ऐकून तर त्यांचा हात भाजीतच राहिला होता. आणि एकदा मोनीनं विचारलं, "दोन रुळांच्या मध्ये फट काहून ठेवत होते?" तेव्हा म्हातारा जो खुलला! उन्हात लोखंड कसं फुगतं, फट नसली तर रूळ कसा सापासारखा वाकडा होतो, सारं हातवारे करून सांगितलं. भाजी थंडी झाली तरी गडी थांबेना. पुढं आठ दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला तेच ऐकावं लागलं.

तर असं हे हसतंखेळतं घर. पण मे महिन्यात उन्हाळी शिबिरातून मोनी जो प्रश्न घेऊन आली, त्यानं घराची हवाच बदलली.

"आबा, सांगा. माणसाची सावली भर उन्हात कधी हरवते?"

गुलाबरावांचा हात ताटावरच थांबला. तोंडावरचं हसू गेलं. मोनीला वाटलं, विचार करून राहिले.

"हार मानली? बारा वाजता! पण रोज नाही, वर्षातून फक्त दोन दिवस. आपल्या रायपुरात सत्तावीस मेला. मीरा मॅडम म्हणाल्या, सूर्य एकदम डोक्यावर येतो, सरळ! जुलैमध्ये पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. नागपुरात एक दिवस आधी होते. आणि दिल्लीला कधीच नाही, वहाँ सूरज कधी डोक्यावर येतच नाही!"

"कोण म्हटलं हे?" गुलाबरावांनी विचारलं.

"मॅडम. पुस्तकात पण आहे."

"पुस्तकात आहे?" त्यांनी पुन्हा विचारलं. मग ताट सरकवलं आणि न जेवताच अंगणात जाऊन बसले.

मोनी घाबरली. "आजी, मी काय केलं?"

शांताबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "तू काही नाई केलं, बाई. एक्केचाळीस वर्षांचं ठसठसून राहिलं ते. इचार त्यायलेच."

मग मोनी अंगणात गेली आणि आबांच्या शेजारी पायरीवर बसली. म्हातारा बोलायला लागला.

तेव्हा गँगमध्ये कोणाच्या हातात घड्याळ नव्हतं. मेटचं, म्हणजे गँगच्या मुखियाचं एक होतं, पण ते सदा गोल बाजारात दुरुस्तीला पडलेलं. वेळ सांगायची ती सब्बल. सब्बल म्हणजे आपली पहार. रुळाच्या बाजूला जमीन पाहून ती उभी ठोकायची आणि एका माणसानं हातातलं काम करता करता तिच्या सावलीवर डोळा ठेवायचा. सावली आखडत आखडत सगळ्यात लहान झाली की त्यानं हाक मारायची, "सावली पायात होऽऽ!" मग घण खाली, टिकाव खाली, सारे झाडाखाली. उन्हाळ्यात ही हाक म्हणजे जीवच. सकाळी सहापासून तापलेल्या गिट्टीवर उभा असलेला माणूस त्या हाकेची वाट पाहत असायचा.

एप्रिलमध्ये गुलाबराव लग्नाला म्हणून भंडाऱ्याकडच्या गावी गेले, तेव्हा बाराची सावली वीतभर होती. महिन्यानं नवी नवरी घेऊन परतले, नौतपा, मे अखेरचे ते नऊ जळते दिवस, लागलेला, आणि मेटनं पहिल्याच दिवशी सावली त्यांच्याकडे दिली.

"मी पाहून राहिलो, मोने. वीतभर झाली की हाक मारू म्हटलं. पण ते तं वीतभर लवकरच झाली, सूर्य अजून थोडा तिरपाच होता. म्हटलं थांबू. चार बोटं झाली. दोन झाली. एक झाली. आन् मंग गेली! बुडाशी काहीच नाई. मी माझ्या पायाकडं पाह्यलं, तं माझीबी नाई! आमच्या गावात म्हणत, ज्याची सावली गेली तो सहा महिन्यांत गेला. नुकतं लग्न झालेलं, हातची हळद गेली नव्हती. माह्या तोंडातून शब्दच निघंना."

"मग?"

"मंग काय? मी खांबासारखा उभा. हाक नाई. हाक नाई तं सुटी नाई. गँग घण मारतच राहिली. अर्ध्या तासानं नत्थू पडला."

नत्थू म्हणजे गँगचा पहिलवान. त्याच्यासारखा घण कोणी मारत नसे. उन्हाची लू लागून तो आठ दिवस दवाखान्यात पडला. जगला, पण ऊन सोसेना झालं. त्याला गँगमधून काढून ऑफिसात पाणी पाजायला बसवलं. असला गडी, आणि हातात ट्रे! तो सर्वांसमोर म्हणाला, "गुलाब झोपला होता. त्याच्या झोपेनं माह्या जिंदगीची माती केली."

"मी म्हटलं, सावलीच नव्हती गा! सारी गँग हसली. तवापासून मी झोप्या. तुह्या आजीले लोक पांढऱ्या पायाची म्हणाले, ते वेगळंच."

"पण तुम्ही खरं बोलत होते!"

गुलाबरावांनी नकारार्थी मान हलवली. मग जे बोलले ते त्यांनी शांताबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं.

"मालूम नाई, पोट्टे. दुसऱ्या दिवसापासून मले गँगमधून सस्पेंड केलं, मंग दुसऱ्या लाइनीवर टाकलं. पुन्हा तसं पाह्यची हिंमतच झाली नाई. मले आता वाटते, खरंच डोळा लागला असंल. सपन पडलं असंल. एका माणसाचं वाटोळं केलं आन् वरून झूठ बोललो असंल."

मोनी एकदम उभी राहिली. "सत्तावीसला पाहू. सब्बल आहे ना आपल्या घरी?"

"काई गरज नाई."

पण ती पोट्टी ऐकणारी असती तर ही गोष्टच झाली नसती. दोन दिवसांनी आजी-नात गोल बाजारात भांडी घ्यायला म्हणून गेल्या आणि तिथून थेट पुरानी बस्तीत नत्थूच्या दारात. एकाच विहारात दर बुद्धपौर्णिमेला गुलाबराव आणि नत्थू दोघंही येत. एक या टोकाला बसायचा, एक त्या टोकाला. एक्केचाळीस वर्षांत जय भीमसुद्धा नाही. आणि शांताबाई सरळ त्याच्या ओसरीवर!

परत आल्यावर शांताबाईंनी सांगितलं, सत्तावीसला नत्थूला घरी बोलावलं, तसे गुलाबराव ताडकन उठले. "बोलावून आली? अन् सावली नाई हरवली तं? त्याच्या तोंडावर दुसऱ्यांदा झोप्या होऊ?"

"व्हा," शांताबाई म्हणाल्या. "मीबी पांढऱ्या पायाची होऊन राहिली ना इतके वर्षं? एकदाचा निकाल तं लागू द्या जी!"

सत्तावीस तारीख उजाडली. ऊन म्हणजे कसलं ऊन! कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसलेली. घरासमोरच्या मैदानात मोनीनं पाणी टाकून जमीन मऊ केली, सब्बल ठोकली आणि भोवती खडूची भुकटी टाकून पांढरं केलं, सावली स्पष्ट दिसावी म्हणून. मोबाईलवर वेळ लावली. बारा वाजून एक मिनिट, मॅडमनं सांगितलं होतं.

पावणेबाराला नत्थू आला. डोक्यावर छत्री, कानाला ओला गमछा, आणि शर्टाच्या खिशात लू लागू नये म्हणून ठेवलेला नौतप्याचा कांदा फुगलेला. एकेकाळचा पहिलवान, आता खांदे उतरलेले. गुलाबरावांकडे त्यानं पाहिलंही नाही. मोनीला म्हणाला, "दाखव, काय दाखवतेस ते. मले ऊन चालत नाई."

गुलाबराव सब्बलीजवळ जाऊन उभे राहिले. सब्बलीची सावली आखडत होती. चार बोटं. तीन. त्यांना तोच दिवस दिसायला लागला, तीच गिट्टी, तोच घणांचा ठोका. दोन बोटं.

मोबाईलवर बारा झाले. दोन बोटं तशीच.

सावली फिरली, थोडी सरकली, पण जाईना. सब्बलीच्या बुडाशी काळी जीभ काढल्यासारखी पडून राहिली.

"हे काय दिसून राह्यलं?" नत्थू छत्रीखालून म्हणाला. आवाजात ना राग ना खुशी. "सावलीच तं आहे. हव का नाई?"

मोनीचं तोंड एवढंसं झालं. "पण मॅडमनं तर... आबा, पुस्तकात..." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गुलाबरावांनी मान खाली घातली. संपलं. म्हणजे झोपच होती. म्हणजे आपणच झोपलो होतो आणि आयुष्यभर खोटंच धरून बसलो. त्यांना नत्थूचे पाय धरावेसे वाटले.

मान खाली होती म्हणूनच त्यांना ते दिसलं. तीस-पस्तीस वर्षं रूळ पाहिलेला डोळा. लोखंड केसभर कललं तरी त्याला खुपतं.

"सब्बल वाकडी आहे," ते म्हणाले.

"काय?"

"पोट्टीनं वाकडी ठोकली! मऊ जमिनीत कलली. शांता, दोरा आण! लवकर!"

शांताबाईंनी पदराची गाठ सोडावी तितक्या सहज ब्लाउजला खोचलेल्या सुईतला दोरा ओढून दिला. गुलाबरावांनी त्याला किल्ली बांधली आणि सब्बलीच्या शेंड्यावरून सोडली. ओळंबा! किल्ली बुडापासून दोन बोटं लांब लोंबत होती. त्यांनी एका हातानं दोरा धरला, दुसऱ्या हातानं सब्बल ढकलून पाहिली. तापलेलं लोखंड. हात भाजला, सब्बल हलली नाही.

"थांब," मागून आवाज आला.

छत्री खाली पडली. नत्थूनं कानाचा ओला गमछा सोडला, सब्बलीला गुंडाळला आणि दोन्ही हातांनी पकड घेतली. ते हात म्हातारे होते, पण पकड गँगची होती.

"बोल," नत्थू म्हणाला.

"तुह्याकडं. आणखी. थोडी... बस! आता माह्या अंगाला, सुतभर. बस बस बस!"

किल्ली सब्बलीला टेकली. नत्थूनं टाचेनं माती दाबली. गमछा सोडून हातात घेतला आणि दोघंही मागे सरले.

बारा वाजून तीन मिनिटं झाली होती, पण सूर्य अजून डोक्यावरून हलला नव्हता.

सावली नव्हती.

पांढऱ्या भुकटीवर सब्बल उभी होती, आणि तिचं जमिनीवर काहीच नव्हतं. ऊन तर असं की डोळा उघडवत नव्हता, तरी त्या लोखंडानं जमिनीवर एक रेघही काढली नव्हती. गुलाबरावांनी आजूबाजूला पाहिलं. विजेचा खांब, नुसता उभा. मोनीच्या पाण्याची बाटली, नुसती उभी. सारं मैदान पोरकं, उघडं, लखलखीत. त्यांनी पायाकडं पाहिलं. त्यांची सावली त्यांच्या तळव्याखाली येऊन लपली होती. नत्थूची नत्थूच्या.

अगं माय! हाच होता तो! हाच दिवस. तेव्हाही हा एवढा मोठा सूर्य दिल्लीला सोडून, कुठं कुठं सोडून, आपल्या डोक्यावर, चौथी शिकलेल्या गँगमनच्या बरोब्बर डोक्यावर येऊन उभा राहिला होता. आणि आपण त्याला मरण समजलो. गुलाबरावांनी हात वर जोडले. कशाला जोडले ते त्यांनाही कळलं नाही. अंगावर काटा आला होता आणि डोळे वाहत होते.

"आबा," मोनी कुजबुजली, "किती सुंदर आहे ना!"

नत्थू सब्बलीभोवती एक फेरी फिरला. खाली वाकला, भुकटीवर बोट फिरवून पाहिलं, सावली कुठं लपून तर नाही बसली? मग तिथंच उकिडवा बसला.

"नव्हती गा," तो म्हणाला. "खरंच नव्हती."

"पण हाक तं मारायची होती, नत्थू. सावली गेली तरी मारायची होती. मी भ्यालो. चूक माहीच."

नत्थूनं वर पाहिलं. उन्हानं त्याचा चेहरा लाल झाला होता, घामाच्या धारा लागल्या होत्या. शांताबाई छत्री घेऊन धावल्या, त्यानं हातानंच त्यांना थांबवलं.

"आता मार," तो म्हणाला.

"काय?"

"हाक मार. मी अजून तिथंच उभा आहो, गुलाब."

गुलाबरावांनी छाती भरून श्वास घेतला. आणि मग त्या रिकाम्या मैदानात त्यांनी अशी हाक मारली की घराघरांच्या खिडक्या उघडल्या.

"सावली पायात होऽऽ!"

नत्थूनं हातातला गमछा गिट्टीवर घण टाकावा तसा खाली टाकला. गुडघ्यावर हात ठेवून उठला आणि गुलाबरावांच्या खांद्याचा आधार घेतला.

"चाल," तो म्हणाला, "जेवू."

दोघं सावकाश घराकडं निघाले. मागून मोनी ओरडली, "आबा, नत्थू आजोबा, थांबा ना! निघाली, सावली दुसऱ्या बाजूनं निघाली!"