अंधार पडल्यावरचं ताट

देवावर भरवसा ठेवा म्हणून सांगणारी माणसं मी त्या साथीत पोत्यानं पाहिली. सगळी दाराबाहेर उभी राहून सांगणारी. त्यातला सगळ्यात मोठा शहाणा म्हणजे सुकुमार, माझ्या शेजारच्या खाटेवरच्या राजमतीबाईंचा थोरला मुलगा.

मी राहीबाई, आटपाडीकडची धनगरीण, अंगणवाडीत सेविका. दुसऱ्या लाटेत मला मिरजेच्या एका दवाखान्यात आणून टाकलं. माझी माणसं मेंढरं घेऊन लांब गेलेली, फोन लागला तर लागला. राजमतीबाई सांगलीजवळच्या एका जैन शेतकरी घरातल्या, सत्तरी ओलांडलेल्या. नाकाला ऑक्सिजनची नळी आणि हातात जपमाळ. आत नातेवाइकांना येऊ देत नव्हते, बाहेरचा डबाही चालत नव्हता. नर्स यायच्या, त्यांचे फक्त डोळे दिसायचे.

बाईंचा नेम होता, सूर्य मावळल्यावर अन्न तोंडात घालायचं नाही. लग्नाच्याही आधीपासूनचा. आणि दवाखान्याचं रात्रीचं जेवण यायचं आठला. दुपारी ताप चढलेला असे, ताट पुढ्यात असून घास उतरत नसे. ताप उतरून भूक लागायची तोवर खिडकीबाहेर काळोख झालेला. मग उपाशीपोटी गोळ्या घ्यायच्या आणि त्या ओकून पडायच्या. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, असंच चाललं तर ही बाई हातची जाईल.

"आवं, चार घास खावा की," मी म्हणाले. "देव काय घड्याळ लावून बसलाय व्हय?"

"सुकुमारला सांगितलंय आमच्या मुनी महाराजास्नी विचारायला. दुखण्यात सूट देत्यात कवाकवा. ते म्हणतील तसं करायचं."

हा सुकुमार म्हणजे गावच्या जैन मंदिराच्या कमिटीतला पुढारी. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. बाईंना कमी ऐकू येई, त्यामुळे फोन मोठ्या आवाजात असायचा आणि सगळ्या वॉर्डाला प्रवचन फुकट.

"आई, महाराजांना विचारलं. ते म्हणाले, हीच परीक्षेची वेळ आहे. नेम मोडू नकोस. भगवंत आपल्या माणसाला सोडत नसतो. समाजाच्या ग्रुपवर तुझ्याबद्दल टाकलंय, सगळे हात जोडतायत तुला."

मागून कुणीतरी त्याला विचारलं, अजून एक चपाती वाढू का. बाहेर ऊन होतं, त्याचं जेवण वेळेत चाललं होतं.

उंटावरून शेळ्या हाकणारे आम्ही पुष्कळ बघितलेत, पण आईच्या उपासाचा हार स्वतःच्या गळ्यात घालून घेणारा हा पहिलाच. मला किळस आली त्याची.

"तुमचा देव कुणाला काय देत बी न्हाई आन कुणाकडनं काय घेत बी न्हाई," मी बाईंना म्हणाले. "मग कशापायी मरताय? आमचा बिरोबा निदान रागावतो तरी."

"देण्याघेण्याचा सवाल न्हाई गं," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "आजवर त्येनं मला एकटी पडू दिली न्हाई. आता म्हातारपणी मी त्येला दगा देऊ?"

मला त्यांचाही राग आला. मरायला टेकलेल्या माणसाचा इतका शांत चेहरा मला बघवत नाही. मी पाठ फिरवून झोपले.

पुढच्या संध्याकाळी ऑक्सिजन आणखी उतरला. वरच्या मजल्यावर नेऊन श्वासाच्या मशीनला लावायची बोलणी सुरू झाली. तेवढ्यात बाईंच्या नातीचा फोन आला. प्रियदर्शनी, सुकुमारचीच मुलगी, पुण्यात शिकायला होती.

"आजी, ग्रुपवर तुझं वाचलं आणि महाराजांसोबत जे ब्रह्मचारी असतात त्यांना फोन लावला. महाराजांनी निरोप दिलाय, आजारी माणसानं जेवावं. बरी झालीस की प्रायश्चित्त देतील. म्हणाले, हे विचारायला आत्तापर्यंत कुणी आलं कसं नाही?"

बाईंची जपमाळ थांबली. "तुझ्या बापानं विचारलं न्हाई?"

"मी पप्पांना तेच विचारलं. ते म्हणाले, विचारायचं काय त्यात? महाराज तेच म्हणाले असते."

मला वाटलं, आता ही म्हातारी रडणार. सुकुमारला घालायच्या शिव्या माझ्या तोंडात तयार होत्या. बाई मात्र छताकडे बघत पडून राहिल्या. जेवणाची गाडी आली, ताट समोर आलं, बाहेर मिट्ट काळोख होता. त्यांनी हात जोडले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं.

"राही, मला बसतं कर," त्या म्हणाल्या. "देव हुता तिथंच हाय बघ. मधी माझंच पोरगं हुभं ऱ्हायलं हुतं."

मी त्यांना उशीला टेकवून बसवलं. भाजीत कांदा होता, ती त्यांनी बाजूला सारली आणि वरणभाताचा पहिला घास घेतला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण चावणं थांबलं नाही.

तिसऱ्या घासाला फोन वाजला. सुकुमार. मी तो त्यांच्या कानाला लावला. पलीकडून परीक्षा, भगवंत, समाज असं सगळं सुरू झालं. बाईंनी तोंडातला घास सावकाश गिळला.

"सुकुमार, मी जेवतीय," त्या म्हणाल्या. "आन उद्यापासनं महाराजांचं नाव घेऊन मला फोन करू नगंस. तुझं नाव घेऊन कर."

बाईंनी मला फोन ठेवायची खूण केली आणि पुढचा घास कालवला.