पर्सीचा एक प्रश्न

पर्सीच्या पत्राला बावतीसनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. पत्र हरवलं असतं तर एक वेळ सुटका झाली असती. पण ते पुस्तकात खूण म्हणून घातलेलं होतं, आणि पुस्तक वाचून संपलं की पत्र नव्या पुस्तकात मुक्कामाला जायचं.

पर्सी म्हणजे त्यांच्या बायकोचा, इमेल्डाचा धाकटा भाऊ, वसईकडच्या एका चर्चमध्ये फादर. केळीच्या बागा, विहिरीचं पाणी, कोण आजारी, कुणाचं लग्न ठरलं, हे सगळं सांगून झाल्यावर त्याने शेवटी एकच ओळ लिहिली होती : ‘भावोजी, ताई गेल्यावरही तुम्ही प्रार्थना करता ना?’

‘हो’ लिहावं तर फादरशी खोटं बोलणं. ‘नाही’ लिहावं तर त्याच्या जिवाला घोर. म्हणून पाकीट तेवढं तयार होतं, पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं. आत घालायलाच काही नव्हतं.

बावतीस वसईत एका शाळेचं ग्रंथालय सांभाळत. निवृत्तीनंतर दोघं कॅनडात ब्रॅम्पटनला लेकीकडे, लिनेटकडे आली आणि काही वर्षांत इमेल्डा आजारी पडली. हॉस्पिटलमध्ये तिच्या उशाशी बसून ते रोज म्हणत, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.’ ती गेली, आणि तेव्हापासून प्रार्थना त्या ओळीपाशी आली की तिथेच अडायची. रविवारी चर्चमध्ये मिस्साला चारचौघांत नुसते ओठ हलवले की भागत असे. कुणाच्या लक्षात येत नव्हतं. त्यांना मात्र वाटे, मुळात आपली श्रद्धा होती तरी का? की पुस्तकांचे क्रमांक पाठ असत, तसंच हेही पाठ होतं?

दोन हजार नऊच्या ऑक्टोबरात लिनेटने परस्पर बुकिंग करून टाकलं.

“डॅडी, मिल्व्हर्टनजवळ एक अमिश फार्म आहे. जुन्या रीतीने राहणारे शेतकरी, ख्रिस्तीच. मागचं छोटं घर ते पाहुण्यांना देतात. बुधवार ते शनिवार. रेस्ट घ्या जरा.”

“मी कुठे दमलोय?”

“बेसमेंटमध्ये बसून बसून दमलायत.”

“टीव्ही नाही, फोन नाही, लाइट नाही,” जावई ऍलन गाडीची किल्ली शोधत म्हणाला. “लोक याचे पैसे मागतात, आणि आपण देतो.”

ऍलनने त्यांना सोडलं आणि गाडी वळवून तो गेला. धूळ खाली बसली आणि बावतीसना आपल्या बुटांचा आवाज ऐकू आला. पलीकडे मक्याचं शेत कापायला आलं होतं. दोरीवर निळे, काळे कपडे वाळत होते. रस्त्यावरून एक घोडागाडी गेली, ती दिसेनाशी झाल्यावरही टापा ऐकू येत राहिल्या. ते पायरीवर पुस्तक घेऊन बसले आणि पहिलं पान उलटायच्या आत त्यांना डुलकी लागली. कित्येक महिन्यांत अशी झोप आली नव्हती.

संध्याकाळी जेवायला घरमालकांकडे बोलावलं. मेनो दाढीवाला, उंच, बावतीसहून दहाएक वर्षांनी लहान. त्याची बायको एल्सी, आणि बाकावर ओळीने बसलेली मुलं. गरम सूप आलं, पाव आला. मग सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि एकदम शांतता पसरली.

बावतीस थांबले. कुणी बोलेना. वसईत घरी पाहुणा वडीलधारा असला, तर जेवणाआधीची प्रार्थना त्यालाच सांगतात. इथे सगळ्यांत वडील तेच होते. ही माणसं आपल्यासाठी खोळंबली आहेत! त्यांनी घाईघाईने क्रुसाची खूण केली आणि तोंडात आली त्या भाषेत, मराठीत, मोठ्याने सुरुवात केली, “हे आमच्या स्वर्गातील बापा...”

आणि त्या ओळीपाशी आवाज थांबला.

ब्रॅम्पटनला असते तर लिनेटने पुढची ओळ चटकन सांगितली असती. ऍलन खाकरला असता. इथे कुणी हललं नाही. माना तशाच खाली होत्या. सूपची वाफ विरळ होत गेली. चुलीत लाकूड तडकलं. बावतीसना इमेल्डाचा हात आठवला, शेवटी शेवटी कागदासारखा हलका झालेला. या शांततेत कुणी त्यांच्याकडून काही मागत नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग ओळ आपण होऊन आली, हळू, पण पुरती.

“तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.”

पुढचं सगळं त्यांनी शेवटपर्यंत म्हटलं. ‘आमेन’ झाल्यावर मेनोने मान वर केली आणि पावाची थाळी त्यांच्याकडे सरकवली.

“आमच्यात जेवणाआधी कुणी बोलत नाही,” तो इंग्रजीत म्हणाला. “ज्याने त्याने मनात म्हणायचं.”

बावतीसचे कान तापले. “म्हणजे तुम्ही माझी वाट पाहत नव्हता?”

“आधी नाही. नंतर पाहिली.”

“सूप गार झालं, एवढंच,” एल्सी म्हणाली, आणि मुलं फिसकन हसली.

“मध्ये तुम्ही थांबलात ना,” मेनो पावाला लोणी लावत म्हणाला, “तेव्हा मला वाटलं, यांना आपली रीत कळली.”

दुसऱ्या दिवशी जेवताना बावतीसनीही गुपचूप मान खाली घातली. ओठ हलवायचीसुद्धा गरज नव्हती. ती ओळ आली, ते थांबले, मग पुढे गेले. दुपारी पायरीवर बसून त्यांनी पुस्तकातून पर्सीचं पत्र आणि ते तयार पाकीट काढलं आणि कोऱ्या कागदावर लिहिलं :

‘प्रिय पर्सी, उशिराबद्दल माफ कर. तू विचारलंस तेव्हा उत्तर ‘नाही’ असं होतं, म्हणून लिहिलं नाही. आता करतो. एका ओळीपाशी अजून थांबावं लागतं. पण देव तेवढा थांबतो, असं मला इथे वाटलं. तुझ्या ताईच्या नावाने मिस्सा वाहशील तेव्हा मला तारीख कळव, मी त्या वेळी इथे प्रार्थनेला बसेन.’

शुक्रवारी सकाळी मेनोच्या फाटकापाशी जाऊन त्यांनी पाकीट टपालपेटीत ठेवलं आणि पत्र न्यायचं आहे हे कळावं म्हणून तिचं लाल निशाण वर केलं. घराकडे चार पावलं चालून गेले आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. ‘देव थांबतो’ हे जरा जास्तच झालं का? फादरला आपण काय शिकवणार? ‘देव’च्या आधी निदान ‘कदाचित’ तरी घालायला हवं होतं. ते पेन चाचपत परत फिरले.

तेवढ्यात टपालाची गाडी येऊन पेटीपाशी थांबली. गाडीतल्या बाईने खिडकीतून हात बाहेर काढून पाकीट घेतलं, निशाण खाली पाडलं आणि बावतीसकडे पाहून हात हलवला. बावतीसनीही हलवला, पेन धरलेलाच. गाडी मक्याच्या शेताकडेने निघून गेली.