बाहेरून लागणारी कडी

मित्रांनो, मी एका दाराची जुनी कडी आहे. लोखंडाची, बोटभर जाड, कडेने गंजलेली. म्हातारपणी सगळे आपली गोष्ट गोड करून सांगतात. मला ते जमणार नाही. मला किळस आली आहे, आणि ती लपवून बोलण्याइतकी मी गुळगुळीत राहिलेले नाही.

तशी मी चांगल्या हातची. लोहाराने मला तापवलं, ठोकलं, तेलात बुडवलं आणि मग मी एका शिवणकामाच्या कारखान्यात आले. तिथे लहान बाळांची झबली, टोपडी आणि फ्रॉक शिवत. दोऱ्याच्या रिळांच्या खोलीला मला बाहेरून बसवलं. ते बरोबरच होतं. रिळं काही आतून कडी लावत नाहीत! गोदामवाले काका जाता-येता मला सरकवून बघायचे आणि म्हणायचे, "पक्की आहे हो ही." तेवढ्यावर मी दिवसभर खूश असायचे.

मग एकदा वरून हुकूम आला. बाळंतपणाच्या रजेवरून परतणाऱ्या बायकांसाठी वेगळी खोली हवी. झालं, रिळं बाहेर निघाली, भिंतींना गुलाबी रंग लागला, आत एक खुर्ची आली आणि दारावर पाटी चढली, 'माता कक्ष'. फीत कापताना साहेब म्हणाले, "माता म्हणजे साक्षात देवता!" टाळ्या पडल्या, फोटो निघाले. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मी होते तिथेच होते, दाराच्या बाहेरच्या अंगाला. देवतेला आतून कडी लागते, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. पाटीचा रंग वाळतो न वाळतो तोच अर्धी खोली पुन्हा खोक्यांनी भरली.

त्या खोलीत पहिली आली ती काजवाली. ती काज करायच्या मशीनवर बसायची, म्हणून सगळे तिला काजवालीच म्हणत. तिचं तान्हं बाळ घरी सासूबाईंजवळ होतं. दवाखान्यातल्या नर्सने तिला बजावलं होतं, "दुपारचं दूध काढून ठेवत जा. तुंबून राहिलं तर हळूहळू आटेल." म्हणून ती जेवणाच्या सुट्टीत खुर्ची दाराला लावायची आणि दाराला पाठ टेकून बसायची. आतून कडी नाही, मग तिची पाठ हीच कडी.

एकदा मुकादमाने खोक्यासाठी दार ढकललं. ती खुर्चीसकट पुढे गेली.

"आत कोण आहे?"

"मी आहे! दार लावा आधी!"

मुकादमाने दार लावलं नाही. त्याने तिच्या हातातली बाटली पाहिली आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "शी!"

मित्रांनो, हाच मुकादम जेवल्यावर दात कोरून काडी खोक्यात टाकायचा, त्याच बाळांच्या कपड्यांच्या खोक्यात! त्याला कधी कुणी शी म्हटलं नाही. बाळाच्या दुधाला मात्र शी. मला किळस आली ती तेव्हापासून.

पुढे व्हायचं तेच झालं. गोदामवाले काका खोकं घेऊन जात होते. दार लोटलेलं आणि कडी उघडी दिसली, तसा सवयीने त्यांचा हात माझ्याकडे आला. मी सरकले. काजवाली आत कोंडली गेली. ती दार बडवत राहिली, पण सुट्टी संपून मशिनं सुरू झाली होती, त्या खडखडाटात कुणाला ऐकू जाणार? तिच्या शेजारच्या मशीनवर बटणं लावणाऱ्या बटणवालीला तिची जागा रिकामी दिसली, तेव्हा ती शोधत आली आणि तिने मला मागे ओढलं. काजवाली घामाने निथळत होती.

साहेबांनी चौकशी केली. काय निष्पन्न झालं? "खोली धोक्याची आहे. बंदच ठेवा." माझ्यात कुलूप अडकवलं गेलं. काजवालीने विचारलं, "मग मी कुठे जाऊ?" साहेबांनी हाताने संडासाची दिशा दाखवली.

तुम्हाला कुणी सांगितलं, की तुमचा डबा संडासात उघडा, तर तुम्ही उघडाल का? ती तिथे ओल्या फरशीवर उभी राहून दूध काढायची आणि मोरीत ओतून द्यायची. तिथलं दूध बाळाला कसं पाजणार? पुढे पुढे तिला तिथे जाववेना. काम करता करता कपडे भिजायचे आणि ती वरून ओढणी घ्यायची. एक दिवस कपडे भिजलेच नाहीत.

"आटलं गं," ती बटणवालीला म्हणाली. माझ्या शेजारी, त्या बंद दाराला टेकून. बटणवालीचं पोट तेव्हा नुकतं दिसायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काजवाली मशीनच्या खणातला स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. सुई बदलायला तो प्रत्येकीकडे असतो. तिने काकांपुढे हात केला. "किल्ली द्या. कडी आतून लावायची आहे." काकांनी मान खाली घातली, कुलूप काढलं आणि दार धरून उभे राहिले. तिने माझे गंजके स्क्रू पिळून काढले.

"तुझं तर आटलं, आता कशाला हा खटाटोप?" बटणवाली म्हणाली.

"तुझं यायचंय ना अजून."

तिने मला दाराच्या आतल्या अंगाला बसवलं. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा आतली बाजू पाहिली. गुलाबी रंगाला ओल आली होती.

काजवालीचं बाळ डब्याच्या दुधावर वाढलं. चांगलं वाढलं, पण ते तिने ठरवलेलं नव्हतं, हे मी विसरणार नाही. बटणवाली रजेवरून परतली आणि दुपारी मला आतून लावून बसू लागली. एकदा साहेब पाहुण्यांना खोली दाखवायला आले. त्यांनी दार ढकललं. उघडेना. पुन्हा जोरात ढकललं. मी जिवाच्या आकांताने धरून ठेवलं.

"कोण आहे आत? उघडा, पाहुणे आलेत!"

"बाळाचं दूध काढतेय," आतून आवाज आला. "झालं की उघडते. थांबा."

साहेब थांबले. पाहुणेही थांबले, पाटी वाचत.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, खोल्या बांधाल, फिती कापाल. माझं एक ऐका. आधी आत जाऊन दार लावून बघा. लागलं, तरच बाहेर येऊन पाटी लावा.